सण घरात शिरून बघ

प्रिय पोरी,

जर्मनीतल्या स्टुटगार्टला नर्सिंग शिकायला निघालीस. त्या शहराशी माझा जुना ऋणानुबंध आहे, म्हणून हे लिहिते. वॉर्डातलं काम तुला तिथले लोक शिकवतीलच. मला काळजी आहे ती ड्युटी संपल्यानंतरच्या वेळेची. आपल्या पोरी कामाला कमी पडत नाहीत, सुट्टीच्या दिवशी खचतात.

सुरुवात रविवारपासून कर. तिथं रविवारी दुकानं बंद असतात. बेकरी काही तास उघडी, नाहीतर मोठ्या स्टेशनातलं एखादं दुकान. दूध, भाजी, ब्रेड शनिवारीच भरून ठेव. भिंतीला ड्रिल लावणं किंवा रिकाम्या बाटल्या काच गोळा करायच्या कुंडीत टाकणंसुद्धा रविवारी चालत नाही. असा दिवस नवख्या माणसाला खायला उठतो. मग पोरी खोलीत पडून मोबाइलवर घरच्यांचे चेहरे बघत बसतात. तू श्वाबियन आल्बच्या डोंगरात जा. रेल्वेनं फार लांब नाही, पायवाटा खुणा करून ठेवलेल्या आहेत. वाटेत भेटणारी म्हातारी माणसं ‘ग्र्युस गॉट’ म्हणून रामराम करतात, तूही कर.

इमारतीचा जिना झाडायची पाळी येईल. त्या आठवड्यात तुझ्या दारावर पाटी टांगतील. कंटाळा करू नकोस. श्वाबेनमधले, म्हणजे त्या भागातले लोक या पाळीला फार मानतात, आणि जिना नीट झाडणारी परदेशी मुलगी त्यांच्या लक्षात राहते. सणाला बोलावणी येतात ती अशा ओळखीतून येतात.

सप्टेंबरअखेर स्टुटगार्टच्याच बाड कानश्टाट भागात मोठी जत्रा भरते. आपल्याकडची बरीच मुलं ती बिअरची जत्रा समजून तंबूत शिरतात आणि फोटो काढून परत येतात. या जत्रेच्या मुळाशी दुष्काळ आहे. १८१५ साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिकं गेली, माणसं उपासमारीनं मेली, कित्येक कुटुंबं मुलूख सोडून गेली. त्यातून सावरल्यावर वुर्टेमबर्गचा राजा विल्हेल्म पहिला यानं १८१८ मध्ये शेतकऱ्यांसाठी हा उत्सव सुरू केला. आजही मैदानात धान्य, फळं, भाज्यांनी मढवलेला उंच खांब उभा करतात. त्या खांबाखाली जरा थांब. १९७२ चा दुष्काळ आपल्या घराघरातल्या बायकांनी खडी फोडून काढला. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा तू घागर घेऊन रांगेत उभी होतीस. हे तुझ्याबरोबर आलेल्या माणसाला सांग, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांग. व्याकरण चुकलं तरी दुष्काळ कुणालाही कळतो.

डिसेंबर अवघड जाईल. साडेचारच्या सुमारास दिवस मावळतो. नाताळच्या आधी चार रविवारी घरोघर एकेक मेणबत्ती वाढवत जातात, पाच तारखेच्या रात्री लेकरं सेंट निकोलससाठी बूट दाराबाहेर ठेवतात, चौकात बाजार भरतो. हे सगळं रस्त्यावरून दिसतं आणि वाटतं की आपण नाताळ बघितला. पण चोवीस तारखेपर्यंत बाजार आवरलेला असतो, त्या दुपारनंतर दुकानं मिटतात, ट्राम रिकाम्या धावतात. खरा सण तेव्हा सुरू होतो, आणि तो दाराआड असतो. आपली येळवस, वेळ अमावस्या, तशीच नाही का? त्या दिवशी लातूर-उदगीरच्या रस्त्यांवर फिरणाऱ्याला बंद दुकानांशिवाय काय दिसणार? सण तर शेतात असतो, कडब्याच्या कोपीपाशी.

चोवीसची संध्याकाळ मात्र ते फार जवळच्या माणसांसाठी राखून ठेवतात. पहिल्या वर्षी बोलावणं आलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. उलट त्या संध्याकाळची ड्युटी मागून घे. ज्यांना घरी जाता येत नाही असे म्हातारे पेशंट वॉर्डात असतात, त्यांच्यापाशी बस, लहानपणीचा नाताळ विचार. शिवाय जिची ड्युटी तू केलीस ती तुला दिवाळीत सुट्टी बदलून देईल. पंचवीस आणि सव्वीसलाही सुट्टी असते, पाहुणेरावळे तेव्हा येतात-जातात. त्या दिवसांचं आमंत्रण आलं तर संकोच न करता जा, वेळेवर जा, हातात फुलं घेऊन जा. मांस खात नसशील तर आधीच सांग, ताटावर बसल्यावर नको.

दिवाळीचं मात्र मी आग्रहानं सांगते. नरक चतुर्दशीला लातूरला पहाटे पाचला उटणं लागतं, तेव्हा तिथं घड्याळ हिवाळ्याच्या वेळेवर आलं असेल तर रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. व्हिडिओ कॉलवर जागून दुसऱ्या दिवशी वॉर्डात पेंगशील. घरी फोन कर, पण दिवाळी तिथंच कर. जवळचा शनिवार धर, शेजारच्या बाईला, वर्गातल्या मुलींना बोलाव. फक्त आपलीच मराठी माणसं गोळा करू नकोस, त्यानं ओढ आणखी वाढते. येळवशीलाही बोलाव. हिरवा वाटाणा, पालक, शेपू, बेसन सगळं तिथं मिळतं, येळवशीची भज्जी, ती मिसळीची भाजी, करता येते. येळवशीला आपण वाटसरूलाही शेतात जेवायला ओढून नेतो. तिथं यजमान व्हायची पाळी तुझी आहे.

बॅग भरताना पेढे, खवा, तूप ठेवू नकोस. युरोपीय संघाबाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. ओला कढीपत्ताही नको. ज्वारीचं पीठ, काळं तिखट, शेंगदाण्याची चटणी घे. बाजरीचं पीठ मी दळून ठेवते, येळवशीच्या उंड्यांसाठी लागेल. निघायच्या आधी येऊन घेऊन जा.

तुझी
मावशी
उदगीर