कोकणात राहून हाताने घडवलेली फ्लामेंको गिटार घ्यायची असेल, तर ती कशी निवडावी?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीत राहता, सहा वर्षं क्लासिकल गिटार वाजवताय आणि आता फ्लामेंकोकडे, म्हणजे स्पेनमधल्या नाच-गाण्यासोबतच्या गिटारवादनाकडे, वळायचंय. प्रश्न तीन आहेत: एकट्याने काम करणाऱ्या कारागिराकडून गिटार घ्यावी का, ब्लांका (फिकट सायप्रस लाकडाची) घ्यावी की नेग्रा (गडद रोजवूडची), आणि आपल्या हवेत ती टिकेल का. तिसरा प्रश्न मी आधी घेतो. तो सुटला की बाकीचे दोन बरेचसे आपोआप सुटतात.

मी वेंगुर्ल्याचा. माझी हातघडणीची पहिली ब्लांका मार्चमध्ये घरी आली. केस उघडल्यावर सायप्रसचा लिंबासारखा, थोडा तिखट वास खोलीभर पसरला, तो अजून आठवतो. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) जाड तारेखाली 3 मिलिमीटरचा ड्रिल बिट जात नव्हता, म्हणजे तारा हव्या तितक्या खाली होत्या. मे संपेपर्यंत मी खुशीत होतो. जुलैत झड लागली. एक दिवस पिकादो, म्हणजे दोन बोटांनी आळीपाळीने एकेक सूर झपाट्याने, वाजवताना बोटं अडखळायला लागली. वाटलं, रियाज कमी पडतोय. त्याच आठवड्यात मागचं दार फुगून चौकटीत अडकलं, म्हणून वाडीतल्या सुतारांना बोलावलं होतं. रंधा मारून झाल्यावर त्यांची नजर गिटारीवर गेली. त्यांनी उलट्या बोटांनी तिच्या पोटावरून अलगद हात फिरवला आणि म्हणाले, "ही पण फुगली मगे." मी बिट काढून पाहिला, तर 3.5 मिलिमीटरचा सहज आत गेला.

झालं होतं ते एवढंच. चांगले कारागीर गिटार साधारण 45 ते 50 टक्के आर्द्रतेत जोडतात. आपल्याकडे पावसाळ्यात माझा आर्द्रतामापक आठवडेच्या आठवडे 90 च्या आसपास असतो. फ्लामेंको गिटारीची वरची फळी जेमतेम 2 मिलिमीटर जाडीची, स्प्रूसची. ती दमट हवा पिते, फुगते, ब्रिजला, म्हणजे तारा बांधलेल्या पट्टीला, वर उचलते आणि तारा फ्रेटांपासून लांब जातात. दोष ना लाकडाचा होता ना घडणीचा. कारागिराने मला कुठे राहता हे विचारलं नव्हतं आणि मीही ते सांगितलं नव्हतं.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर "हो" असं आहे, आणि त्यामागचं कारण हेच. कारखान्यातली गिटार सगळ्यांसाठी एकच असते. एकट्या कारागिराला मात्र पत्र लिहिता येतं: मी समुद्रापासून इतका जवळ राहतो, चार महिने अशी हवा, एसी नाही, हात असा चालतो. पहिल्या पत्रात लाकडाची नावं नकोत, ही माहिती द्या. त्यावर तो काय उलट विचारतो ते नीट वाचा. माझ्या दुसऱ्या गिटारीच्या कारागिराने मला उजव्या हाताचा व्हिडिओ मागितला आणि घरात गिटार कुठे ठेवता ते विचारलं. मी तिथेच आगाऊ रक्कम पाठवली. ज्याच्याकडून फक्त लाकडांची यादी आणि दर येतात, त्याच्याकडे मी घाई करणार नाही. आणखी एक विचारा: लेबलावर सही कुणाची, आणि फळी पातळ करण्यापासून फ्रेट बसवण्यापर्यंत काम कुणाच्या हातचं? "हॅन्डमेड" असं छापलेल्या पुष्कळ गिटारी मोठ्या वर्कशॉपमध्ये अनेक हातांतून जातात. त्या वाईट असतात असं नाही, पण तुम्ही ज्याच्यासाठी पैसे मोजताय ते हे नव्हे.

आता ब्लांका की नेग्रा. ब्लांकाचे पाठ-बाजू सायप्रसचे, फिकट पिवळे. वजन सव्वा किलोच्या आसपास. आवाज झटकन उठतो आणि झटकन विरतो, म्हणून नाचणाऱ्यांचे पाय आणि टाळ्या चालू असतानाही तो मधून कापत येतो. स्पेनमध्ये सायप्रस जवळपास मिळायचं आणि स्वस्त पडायचं, तिथून ही परंपरा आली. नेग्राचे पाठ-बाजू रोजवूडचे, आवाज जास्त खोल आणि रेंगाळणारा. पाको दे लुसिआ (1947–2014) यांच्या पिढीने फ्लामेंको गिटार मैफलीच्या रंगमंचावर एकटीने उभी केली, तशी नेग्राची मागणी वाढली. आपल्याला जवळची गोष्ट अशी की बहुतेक नेग्रांना लागणारं लाकूड म्हणजे आपली शिसवी, सह्याद्रीत उगवणारी. ज्या शिसवीचे जुने पलंग आणि देव्हारे आपल्या घरांत आहेत, तीच स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या एखाद्या दुकानात ओली करून तापलेल्या नळीवर वाकवली जाते. मला याचं फार अप्रूप आहे. पण केवळ त्या ओढीने नेग्रा घेऊ नका. तुम्ही क्लासिकलवरून येताय, तुमच्या कानाला रेंगाळणारा सूर ओळखीचा आहे, त्यामुळे नेग्रा लगेच आवडेल. माझं मत तरीही पहिली ब्लांकाच घ्यावी असं आहे. ती उजव्या हाताची ढिलाई लपवत नाही, आणि फ्लामेंको आधी उजव्या हातात बसतं.

हवेच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक नाही, कारण दोन्हींची वरची फळी बहुधा स्प्रूसचीच असते.

लाकडापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे मापं. फ्लामेंकोत बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली 3 मिलिमीटर किंवा थोडं कमी, बारीक तारेखाली 2.5 च्या आसपास. क्लासिकलला जाड बाजूला 4 पर्यंत असतं. हे लोक विचारतात. न विचारलं जाणारं माप ब्रिजपाशी असतं: तिथे तारा फळीपासून किती उंच आहेत? फ्लामेंकोला सुमारे 8 मिलिमीटर हवं, क्लासिकलला 11 च्या आसपास असतं. अनामिकेने फळीवर गोल्पे, म्हणजे ठोका, मारायचा तर बोटांना फळी जवळ लागते. हे मानेच्या कोनावर ठरतं, म्हणून नुसती सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून क्लासिकल गिटारीची फ्लामेंको होत नाही. मी तो प्रयोग केलाय. तारा फ्रेटांवर आल्या, फळी होती तिथेच राहिली. मोजायला खास साधन लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाचे ड्रिल बिट आणा आणि गुळगुळीत दांड्याची बाजू तारेखाली सरकवून पाहा.

तारा इतक्या खाली असल्या की जोरात रास्गेआदो, म्हणजे बोटं झटकत सगळ्या तारांवरून फिरवणं, मारताना थोडी खरखर येणारच. क्लासिकलवाले तिला दोष समजतात. आपल्याला समजायला सोपं आहे, कारण तानपुऱ्याची जवारी आपण ऐकत वाढलोय. कारण वेगळं, तिथे घोडीची घडण असते आणि इथे तार फ्रेटला लागते, पण नादात तीच सळसळ. हलक्या हाताने एकेक सूर वाजवताना एखाद्याच फ्रेटवर खरखर आली, तर मात्र तो दोष.

कोकणासाठी तीन गोष्टी ऑर्डरमध्येच लिहून द्या. पहिली, हाडाच्या दोन सॅडल मागा, एक कोरड्या महिन्यांसाठी आणि एक थोडी बुटकी, पावसाळ्यासाठी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तारा सैल करून बदलायला पाव तास लागतो, आणि माझ्या जुलैचा प्रश्न त्यानेच सुटला. दुसरी, लाकडी खुंट्या घेऊ नका. दिसायला देखण्या आणि वजनाला हलक्या असतात, पण आपल्याकडे पावसात त्या जाम होतात आणि उन्हाळ्यात सरकतात. आत गिअर असलेल्या, लाकडी खुंट्यांसारख्याच दिसणाऱ्या चाव्या मिळतात, त्या घ्या. तिसरी गोष्ट पॉलिशची. पारंपरिक फ्रेंच पॉलिश म्हणजे लाखेचंच पॉलिश, अगदी पातळ. फळीवर तेच असू द्या, आवाजाला ते मोकळीक देतं. पण मे महिन्यात घामाने भिजलेला उजवा हात जिथे टेकतो तिथे ते चिकट होऊन मळकं पडतं. बाजूंना लॅकर करून मिळेल का ते विचारा, आणि वाजवताना त्या जागी सुती कापड ठेवा.

स्पेनमधल्या एकट्या कारागिरांनी मला सांगितलेले दर साधारण 3000 युरोंपासून पुढे होते. त्यावर वाहतूक, कस्टम ड्युटी आणि कर वेगळे. रोजवूडची कागदपत्रं हा पूर्वी डोकेदुखीचा भाग होता. 2017 मध्ये सगळ्या डालबर्जिया जाती (रोजवूड याच कुळातलं) साइट्स या धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आल्या, 2019 च्या अखेरीपासून तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियन रोजवूडला ती सूट नाही, त्यामुळे त्या लाकडाची गिटार कुणी कितीही स्वस्तात देऊ केली तरी नको म्हणा.

आपल्या देशातही आता एकेकटे काम करणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडे प्रत्यक्ष जाऊन वाजवून पाहता येतं, हा मोठा फायदा. त्यांना एकच प्रश्न जास्त विचारा: फळी आणि आतल्या पट्ट्या कोणत्या महिन्यात चिकटवता, आणि तेव्हा खोलीत आर्द्रता किती असते? किनाऱ्यावर पावसाळ्यात उघड्या खोलीत चिकटवलेली फळी फुगलेल्या अवस्थेत बंद होते. इथे ती छान वाजेल, पण एप्रिलमध्ये पुण्याला नेलीत की सुकून आकसेल आणि तडकेल. आमचे सुतार म्हणतात तसं लाकूड मुरलेलं हवं, आणि जोडण्याच्या दिवशी ते कोरडंही हवं.

लांबून घेत असाल तर व्हिडिओ मागताना मोबाईलवरच, प्रतिध्वनी न घालता, एकाच जागेवरून मागा. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटपासून वर पिकादो, मग दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून रास्गेआदो. तिसरी तार बहुतेक गिटारींवर सगळ्यात बोथट असते. ती बोलली की बाकीच्या बोलतातच.

आणि गिटार दिवाळीनंतरच घरी येईल अशी तारीख ठरवा. नोव्हेंबर ते मे असे सात महिने तिला तुमच्या घरात मिळतील, तुम्हालाही तिची मापं तोंडपाठ होतील. मग जूनमध्ये बिट जरा सैल सरकला, तर त्याच संध्याकाळी तुमच्या लक्षात येईल.