बारा व्होल्टचे चाळीस: नाद की करिअर?

प्रश्न: मुलगा पॉलिटेक्निकला, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बर्डीच्या बाजारातून कॉइल, कपॅसिटर, डायोड आणून रात्र रात्र जोडत बसतो. '12 व्होल्ट देऊन 40 काढले' म्हणतो. स्कोपवरची (विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवरची) लाट एकीकडे उंच, दुसरीकडे बसकी. महावितरणच्या भरतीचा अभ्यास कर म्हटलं की रुसतो. यात पोट भरेल का? त्याला स्कोप घेऊन द्यावा का? – एक पालक, खामला

उत्तर: नमस्कार. आधी त्या चाळीस व्होल्टबद्दल. ते खरे असू शकतात, पण फुकटची वीज नव्हे. कॉइल-कपॅसिटरच्या रेझोनन्समध्ये, म्हणजे योग्य तालात ढकललेल्या झोक्यासारखं, प्रत्येक फेरीला थोडी ऊर्जा साठत जाते, म्हणून व्होल्टेज चढतं; ती येते त्याच 12 व्होल्टच्या सप्लायमधून. करंट मोजायला सांगा, हिशेब जुळेल.

लाट वाकडी होते ती डायोडमुळे; तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो. समजा 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एका डायोडमागच्या 1 मिलिहेन्रीच्या कॉइलमधून भरला आणि उलट्या डायोडमागच्या 4 मिलिहेन्रीच्या कॉइलमधून रिकामा केला. भरायला साधारण 31 मायक्रोसेकंद लागतील, रिकामा व्हायला 63. जेवढा चार्ज आत गेला तेवढाच बाहेर येणार, म्हणून करंट एकीकडे उंच नि अरुंद, दुसरीकडे बुटका नि पसरट. हे तो कागदावर आधी मांडून मग स्कोपवर ताडून बघत असेल, तर पोरगा इंजिनिअर आहे. नुसतं जोडून बघत असेल, तर अजून हौसच. त्याने 1एन4007 हा डायोड लावलाय का, तेही विचारा. तो 50 हर्ट्झचा गडी, इथे वेळेत बंदच होत नाही, झटकन बंद होणारा यूएफ4007 हवा.

या कामाला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स म्हणतात. तुमच्या घरची इंडक्शन शेगडी याच तत्त्वावर चालते, ईव्ही चार्जरमध्येही रेझोनंट सर्किट असतात. तेव्हा पोट भरेल, पण डिप्लोमावर थांबून नाही. डिप्लोमाच्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. इलेक्ट्रिकल घ्यावं असं माझं मत. पुढे गेट ही प्रवेश परीक्षा देऊन नागपूरच्या व्हीएनआयटीत एमटेकचा प्रयत्न करता येईल. महावितरणची दारं त्यामुळे बंद होत नाहीत, डिग्रीवाल्यांच्याही जागा निघतात.

स्कोप सध्या नको. कॉलेजच्या लॅबमध्ये असतो, विभागप्रमुखांना भेटून तासांनंतरची परवानगी काढा. अन् मेनला (घरच्या वीजपुरवठ्याला) थेट जोडलेल्या सर्किटला स्कोपच्या प्रोबची अर्थ क्लिप लावायची नाही, हे त्याला आजच बजावा.