कोणाला टोकलं की लोक हसतात, मग जबाबदार नागरिक म्हणून रोज करायचं तरी काय?

तुमचा प्रश्न असा आहे की आपल्यासारख्या विकसनशील देशात जबाबदार नागरिक म्हणून रोजच्या जगण्यात नेमकं काय करायचं, आणि टोकलं की लोक हसतात त्याचं काय. मी नाशिकची. इंदिरानगरमध्ये आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, म्हणजे टोकणं हे माझं बिनपगारी कामच. त्या जोरावर लिहिते.

'आपल्या लोकांना अक्कलच नाही' हे निदान मला पटत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये नाशिक पोलिसांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही असा नियम काढला. पंपावर काय दिसायचं? पेट्रोल भरून झालेला माणूस मागच्या अनोळखी माणसाला आपलं हेल्मेट काढून द्यायचा. 'घ्या भाऊ, टाकी भरा आन् द्या परत.' नियम मोडायलासुद्धा आम्ही इतके परोपकारी! रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर २०१९ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनुसार दहा हजारांचा दंड आहे. द्वारका चौकातल्या किती जणांना तो ठाऊक असेल? तरी सायरन वाजला की प्रत्येक जण गाडी कडेला दाबतो. आणि तोच माणूस घरी आल्यावर गाडी फुटपाथवर चढवून लावतो, कारण तिथून काठी टेकत जाणारे आजोबा त्या क्षणी त्याच्या समोर नसतात. जो दिसतो त्याच्यासाठी आपण जीव टाकतो. जो दिसत नाही तो आपल्या हिशेबातच नसतो. माझ्या मते सगळी गोम इथे आहे.

गोदावरीचंच बघा. होळकर पुलावर (जुनी माणसं अजून व्हिक्टोरिया पूलच म्हणतात) स्कूटर थांबते, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य नदीत जातं आणि वर मनोभावे नमस्कार होतो. हा माणूस बेफिकीर आहे असं म्हणवत नाही, उलट घरातलं निर्माल्य कुठेतरी पायदळी येऊ नये म्हणूनच तो पुलापर्यंत आलेला असतो. पण ती पिशवी पुढे कुठे जाते? खाली निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे, पक्ष्यांचं अभयारण्य, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेलं. त्याच्याही पुढे पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, जिथून छत्रपती संभाजीनगरच्या नळांना पाणी जातं. पुलावरून तो नळ दिसत नाही, एवढंच.

म्हणून अशा माणसाला 'लाज वाटत नाही का' म्हणून उपयोग नाही. गणपतीत काय घडतं बघा. घाटावर आरती होते, मोरया होतो आणि मग मूर्ती संकलनाच्या टेबलावर दिली जाते. सगळेच देतात असं नाही, पण देणारे भरपूर दिसतात, कारण त्यांची आरती कोणी हिरावून घेतलेली नाही. आमच्या सोसायटीत निर्माल्यासाठी वेगळा ड्रम ठेवला आणि ते खत तुळशीला घालायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी राजी झाल्या त्या रोज साग्रसंगीत पूजा करणाऱ्या काकू.

आता रोजचं काम. माझ्या लेखी ते घंटागाडीपासून सुरू होतं. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा द्यायचा, हे २०१६ च्या नियमांत आलं. ते पर्यावरणाचं पुण्यकर्म वगैरे राहू द्या. गाडीवरचा माणूस तुमच्या पिशवीत हात घालतो. फुटलेली काच कागदात गुंडाळून वर 'काच' लिहिलंय का? सॅनिटरी पॅड, डायपर नीट बांधून वेगळं दिलंय का? आमच्या इमारतीत इन्सुलिन घेणारे बरेच आहेत. त्यांच्या सुया झाकणाच्या जाड बाटलीत जमवायच्या आणि ती बाटली वेगळी हातात द्यायची, असा आमचा नियम आहे. देशभक्तीवर भाषण देणाऱ्या एका सभासदांना हा नियम जाचक वाटतो. वाटू दे.

दुसरं काम कंटाळवाणं आहे, म्हणून ते कोणी सांगत नाही: लेखी द्या. महापालिकेची सहा विभागीय कार्यालयं आहेत, आपलं कोणतं ते माहीत असलं पाहिजे. खड्डा, बंद दिवा, फुटलेली पाइपलाइन, जे असेल त्याचा फोटो, जवळची खूण, तारीख, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच. व्हॉट्सॲपवर 'काय चाललंय हे शहरात' लिहिणं म्हणजे तक्रार नव्हे. नगरसेवक भेटला तर बरंच, पण मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षं इथे प्रशासकच होता. त्या काळात ज्यांना अर्ज करायची सवय होती त्यांचीच कामं थोडीफार हलली. तपोवनातली झाडं कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी, म्हणजे साधूंच्या तात्पुरत्या वस्तीसाठी, तोडण्याची नोटीस निघाली, तेव्हा नाशिककर आंदोलनाला गेले ते सगळ्यांनी पाहिलं. पण त्यांनी मुदतीत लेखी हरकतीही नोंदवल्या होत्या. हरकत नोंदवली की सुनावणीत तिची दखल घ्यावी लागते. घोषणेचं तसं नाही.

राहिला टोकण्याचा प्रश्न. सिग्नलवर थुंकणाऱ्या अनोळखी माणसाला मी टोकत नाही. तो दहा सेकंदांत निघून जाणार, वर भांडणही होणार. मी टोकते ते जिथे रोज तोंड दिसतं तिथे: जिन्यात, गल्लीत, भाजीवाल्याकडे, मुलीच्या शाळेच्या फाटकापाशी, जिथे रिक्षा तिरक्या लागतात. तिथेही चारचौघांत नाही. माणूस एकटा गाठायचा, आधी चहापाण्याचं विचारायचं, मग मुद्दा काढायचा. हसतात ते बहुतेक गर्दीत हसतात. तुम्ही बहुधा गर्दीत टोकत असाल, तर आधी तेवढं बदलून बघा. आणि येत्या सोमवारी सुट्टी नसेल तर विभागीय कार्यालयात जाऊन तुमच्या रस्त्यावरच्या दिव्याचा अर्ज देऊन या. पोच घ्यायला विसरू नका, तिथला लिपिक 'ठेवून जा' म्हणतोच.