नवी गाडी घेतलास, आता थोडं ऐक

बाळा,

काल फोनवर तू एकेक फीचर सांगत होतास, सहा एअरबॅग, ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस, गाडी पट्ट्यांच्या मध्ये ठेवणारं लेन असिस्ट, पुढं काय आलं तर आपोआप ब्रेक, आणि शेवटी म्हणालास, "मामा, आता टेन्शनच नाही बघा." गाडीचं ऐकून लई बरं वाटलं, पण ते शेवटचं वाक्य काय डोक्यातनं जाईना, म्हणून लिहायला बसलोय.

मी २६ वर्षं बेळगाव-गोवा टॅक्सी मारली. पहिल्या गाडीला एबीएस नव्हतं, पावसात चोर्ला घाटात जोरात ब्रेक मारला की चाकं जाम व्हायची आणि गाडी सरळ घसरत जायची, मग स्टेअरिंग कितीही फिरव. त्यामुळं पुढच्या ट्रकपासून लांब राहायची सवय लागलेली, कुणी शिकवली नव्हती, भीतीनंच लागली. मग एबीएसवाली गाडी आली. दोन पावसाळे गेले असतील, कणकुंबीच्या पुढं एका ट्रकनं अचानक ब्रेक मारला, मी पण दाबला, पेडल पायाखाली थरथरलं आणि गाडी थांबली ती त्याच्या फाळक्यापासून हातभर. तुझी मामी शेजारी होती. ती एवढंच म्हणाली, "आधी तुम्ही एवढं चिकटून चालवत नव्हता." खरं होतं, आणि मला ते तोवर कळलंच नव्हतं. एबीएसनं जेवढी सूट दिलेली तेवढी मी आधीच वापरून बसलेलो.

हे माझ्या एकट्याचं नाही. जर्मनीत म्युनिकला १९८० च्या दशकात टॅक्स्यांवर हेच बघितलं होतं, काहींना एबीएस, काहींना नाही. एबीएसवाल्यांचे अपघात कमी होतील असं वाटलेलं, पण जवळपास सारखेच निघाले, कारण ते ड्रायव्हर जास्त जोरात ब्रेक मारत होते, जास्त बेधडक चालवत होते. त्याच्याही आधी १९७५ साली अमेरिकेत पेल्ट्झमन म्हणून एका अर्थतज्ज्ञानं म्हटलेलं की सेफ्टी वाढली की ड्रायव्हर धोका जास्त घेतो. नंतरच्यांनी तपासलं तर सगळा फायदा काय असा धुऊन जात नाही, बेल्टनं जीव वाचतात ते वाचतातच. म्हणून फीचरचा काय उपयोग नाही असं समजू नकोस हं. बेल्ट लाव, मागं बसणाऱ्यांना पण लावायला सांग. अलार्म बंद करायला नुसती क्लिप अडकवतात ना आपल्याकडं, ते बघून मला राग येतो. बेल्ट नसला तर माणूस पुढं फेकला जातो आणि एअरबॅग त्याच वेळी जोरात फुगत येते, मग तीच लागते.

मला जास्त काळजी त्या लेन असिस्टची आणि स्पीड आपोआप धरून ठेवणाऱ्या क्रूझची वाटते. गाडीच सगळं करायला लागली आणि आपण नुसतं लक्ष ठेवायचं, हे काम माणसाला जमत नाही, हात मोबाईलकडं जातोच. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, दोन सेकंद मेसेज बघितलास की ४४ मीटर गेले. आणि लेन असिस्टच्या कॅमेऱ्याला रस्त्यावरचे पट्टे दिसायला पाहिजेत, जांबोटीच्या पुढं पट्टे कुठं असतात सांग बघू?

तू पुण्याला जाणार तो हायवे चांगला आहे, पण ऊसतोड चालू असताना संकेश्वर-निपाणीच्या मध्ये रात्री ट्रॅक्टर भेटतो, मागं दोन ट्रॉल्या, टेल लॅम्प नाही, ऊस बाहेर आलेला. गाडी त्याला ओळखेल नाहीतर नाही, मी त्या भरवशावर तुला पाठवणार नाही. अंधारात ७० च्या खाली ये, लाईटच्या उजेडात थांबता येईल एवढंच पळव. आणि ब्रेक आपला आपण मारायचा, गाडीनं आपोआप मारला तर समज की तू उशीर केलास, तिथंच पुढं कुठं चहाला थांब आणि काय चुकलं ते आठव.

रविवारी गाडी घेऊन ये. कणकुंबीपर्यंत जाऊ, पाऊस असला तर अजून बरं, क्रूझ बंद ठेव, मी शेजारी बसतो.

तुझा मामा