टेपवर प्रत आहे, पण डेटाबेस सुरू होत नाही

प्रश्न : लिनक्स सर्व्हरवरील पोस्टग्रेस हा डेटाबेस चालू असतानाच त्याची डेटा डिरेक्टरी आम्ही रोज रात्री ‘टार’ने (अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या आज्ञेने) टेपवर उतरवतो. चाचणीसाठी टेप वाचली तेव्हा केवळ शेवटच्या रात्रीची प्रत सापडली आणि तीही सुरू होईना. टेप खराब झाली असेल का?

उत्तर : टेपवर संशय घेण्याचे कारण दिसत नाही. आपण ‘एसटी०’ या नावाने ड्राइव्ह वापरत असणार. या नावाने ड्राइव्ह उघडल्यास काम संपताच टेप आपोआप सुरुवातीपर्यंत गुंडाळली जाते, त्यामुळे प्रत्येक रात्रीची प्रत आदल्या रात्रीच्या प्रतीवरच लिहिली जाते. ‘एनएसटी०’ हे नाव वापरावे आणि लिहिण्यापूर्वी टेप पुढे-मागे नेणाऱ्या ‘एमटी’ आज्ञेने ती लिखित मजकुराच्या शेवटी न्यावी. पुसल्या गेलेल्या प्रती मात्र आता गेल्याच, असे समजावे.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. ‘टार’ एकेक फाइल वाचत पुढे जात असताना डेटाबेस मागच्या-पुढच्या फाइलींत लिहीतच असतो. म्हणून त्या प्रतीतील फाइली एकाच क्षणाच्या नसतात, आणि अशा प्रतीवरून डेटाबेस सुरू होईलच असे नाही. ‘पीजी-डंप’ हा पोस्टग्रेससोबतचा प्रत काढणारा प्रोग्रॅम मात्र व्यवहार (ट्रान्झॅक्शन) सुरू करून त्या क्षणी दिसणारा डेटा शेवटपर्यंत तसाच वाचतो, आणि इतरांचे काम अडत नाही. डेटाबेस फार मोठा असेल तर ‘पीजी-बेसबॅकअप’ (सर्व डेटा फाइलींची थेट प्रत) घ्यावा, परंतु त्यासोबत डब्ल्यूएएल फाइलीही (डेटाबेसमधील बदलांची नोंद) जपाव्या लागतात.

डंप (‘पीजी-डंप’ने काढलेली प्रत) थेट टेपवर पाठवण्याचा मोह होतो; तो टाळावा. उदाहरणार्थ, एलटीओ-८ या प्रकारचा टेप ड्राइव्ह सेकंदाला ३६० मेगाबाइटपर्यंत लिहू शकतो. डेटा हळू आला तर तो काही मर्यादेपर्यंत वेग कमी करतो, पण त्याहूनही हळू आल्यास थांबतो, टेप मागे घेतो आणि पुन्हा धावतो. यात वेळ जातो आणि टेपही झिजते. म्हणून डंप आधी डिस्कवर घ्यावा, तो बिनचूक संपल्याची खात्री करावी आणि मगच टेपवर उतरवावा. डंप आधीच संकुचित असेल तर ड्राइव्ह त्याला आणखी लहान करू शकत नाही, तेव्हा टेपच्या वेष्टनावरच्या ३० टेराबाइटवर (हा आकडा डेटा संकुचित होईल असे धरून दिलेला असतो) न जाता १२ टेराबाइटच धरावेत.

‘पीजी-डंप’मध्ये वापरकर्त्यांच्या भूमिका (त्यांची खाती व अधिकार) येत नाहीत, हे बहुतेकांना डेटा परत चढवतानाच कळते. त्या ‘पीजी-डंपऑल’ने वेगळ्या घेऊन त्याच टेपवर ठेवाव्यात, आणि पुढची चाचणी रिकाम्या सर्व्हरवर करावी.