सही करण्याआधी : वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे स्त्रियांची आहेत आणि त्यांतली निम्मी सरकारी योजनांविषयी आहेत. त्यांतली चार पत्रे येथे घेतली आहेत. एका पत्राचे उत्तर इतरांपेक्षा बरेच लांबले आहे. तो प्रश्न एकट्या त्या भगिनीचा नाही, म्हणून ते मुद्दामच लांबू दिले आहे. पत्रलेखिकांची ओळख कळू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

प्रश्न : मला नुकतीच दुसरी मुलगी झाली. प्रसूती सरकारी इस्पितळात झाली. घरातली माणसे फारशी खूष नाहीत. अंगणवाडीच्या ताई म्हणतात की दुसऱ्या मुलीलाही सरकारकडून पैसे मिळतात, पण शेजारीण म्हणते की ते फक्त पहिल्या अपत्याला मिळतात. खरे काय? — एक आई, डिचोली तालुका

उत्तर : सर्वप्रथम तुमचे मनापासून अभिनंदन. अंगणवाडीच्या ताईंचे बरोबर आहे. गोवा सरकारच्या ममता योजनेत पहिल्या दोन प्रसूतींपर्यंत मुलगी झाल्यास आईला 10,000 रुपये मिळतात. प्रसूती नोंदणीकृत इस्पितळात झालेली असावी लागते आणि तुमची तशी झालेली आहे. केंद्राच्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पूर्वी फक्त पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये मिळत असत, त्यामुळे तुमच्या शेजारणीची माहिती त्या काळातली असावी. एप्रिल 2022 पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास पात्र आईला 6,000 रुपये एकरकमी दिले जातात. त्यासाठी गरोदरपणाची नोंद, बाळाच्या जन्माची नोंद आणि सुरुवातीचे लसीकरण ही कागदपत्रे लागतात. दोन्ही अर्जांच्या बाबतीत अंगणवाडीच्या ताईच तुम्हाला वाट दाखवतील. अर्ज लांबणीवर टाकू नका.

दुसऱ्या मुलीसाठी वेगळी तरतूद का करावी लागली, हे घरातल्या माणसांनाही सांगण्यासारखे आहे. 2011 च्या जनगणनेत गोव्यात हजार पुरुषांमागे 973 स्त्रिया होत्या. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत मात्र हजार मुलग्यांमागे मुली 942 होत्या. शिकल्या-सवरलेल्या गोव्यातली ही संख्या आहे आणि ती मला आजही अस्वस्थ करते.

हे पैसे बाळंतपणाच्या खर्चात जातील, आणि जावेतही. त्यासाठीच ते आहेत. पण त्यातले निदान 250 रुपये बाजूला ठेवा आणि पोस्टात किंवा बँकेत मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते उघडा. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी हे खाते उघडता येते आणि एका कुटुंबात दोन मुलींसाठी उघडता येते, म्हणजे थोरलीचेही उघडा. वर्षाला किमान 250 आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात. पैसे पंधरा वर्षे भरायचे असतात आणि खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मुदत पूर्ण होते. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी उत्तीर्ण झाली की उच्च शिक्षणासाठी शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. व्याजाचा दर सरकार वेळोवेळी जाहीर करते. मला या खात्यात सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की खात्याचा व्यवहार मुलगी स्वतः पाहू लागते. बँकेच्या पुस्तकावर आपले नाव असते, हे तिला तेव्हा कळते आणि ते त्या वयातच कळायला हवे.

प्रश्न : मला गृह आधारचे पैसे मिळतात. खाते माझ्या नावावर आहे, पण एटीएम कार्ड यजमानांकडे असते आणि पैसे जमा झाले की तेच काढतात. विचारले तर म्हणतात, घरातच खर्च होतात ना? खाते बदलले तर योजना बंद होईल का? — एक गृहिणी, केपे

उत्तर : बंद होणार नाही. गोवा सरकारची गृह आधार योजना 2012 साली सुरू झाली ती वाढत्या महागाईत गृहिणीच्या हाती थोडे पैसे असावेत म्हणून. आज महिन्याला 1,500 रुपये, म्हणजे वर्षाला 18,000 रुपये तुमच्या नावाने येतात. तुम्ही दुसऱ्या बँकेत एकटीच्या नावाने खाते उघडून ते आधारशी जोडू शकता आणि महिला व बालविकास खात्याला खातेबदलाचा अर्ज देऊ शकता. त्यासाठी यजमानांची संमती किंवा सही लागत नाही.

मात्र त्याआधी एक सोपे काम करा. बँकेत जा, पासबुक भरून घ्या आणि तिथेच एका कडेला बसून ते वाचा. अशाच एका भगिनीचे पासबुक मी पाहिले होते. दर महिन्याला रक्कम जमा, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पूर्ण रक्कम यंत्रातून काढलेली; अशी पाने पुढे पुढे चालली होती. तिने ते पुस्तक दीड वर्षात एकदाही उघडले नव्हते. बँकेत तिच्या खात्याला जोडलेला मोबाईल क्रमांकही नवऱ्याचा होता, त्यामुळे पैसे आल्याचा निरोप तिला कधी मिळतच नव्हता. तुम्हीही तो क्रमांक तपासा आणि आपला द्या. कार्डाचा गुप्त क्रमांक बदला. अनेक घरांत एवढ्यावरच गोष्ट मिटते, भांडण होत नाही.

मिटले नाही, किंवा पैसे मागितल्यावर शिवीगाळ, मारहाण, घराबाहेर काढण्याची धमकी असा प्रकार झाला, तर हे लक्षात ठेवा की कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या 2005 च्या कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचारच मानला आहे. त्याच कायद्याने तुम्हाला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. घर सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असल्याने तो जात नाही. 181 हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे आणि तातडीच्या वेळी 112 आहे. संरक्षण अधिकारी तुमचा अर्ज न्यायालयापर्यंत पोचवतात.

प्रश्न : माझे वडील गेल्या वर्षी वारले. आई आहे, दोन भाऊ आहेत, मी एकटी बहीण. घर, घराभोवतालचे भाट (माडांची बागायत) आणि थोडी शेती आहे. भावांनी निरोप पाठवला आहे की चवथीला (गणेश चतुर्थीला) येशील तेव्हा एक दिवस जास्त राहा, नोटरीकडे सही करायची आहे. ते म्हणतात, तुझे लग्न वडिलांनी केले, सोने घातले, तुला लाडली लक्ष्मी योजनेचे लाख रुपये मिळाले, दरवर्षी वजे (चवथीची माहेरची भेट) येते, आता आणखी काय पाहिजे? मला भावांशी वाईटपणा नको आहे. सही केली तर काय होईल? — एक बहीण, फोंडा

उत्तर : तुमचे पत्र मी तीनदा वाचले. असे पत्र या सदराकडे दरवर्षी चवथीच्या आधी येते. बहीण माहेरी येण्याचा तो काळ असतो आणि माटोळीखाली, म्हणजे गणपतीवरच्या फळापानांच्या छताखाली, सगळे एकत्र बसलेले असताना नाही म्हणणे कठीण जाते.

प्रथम तुमचे काय आहे ते पाहू. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे आणि वारसाहक्कापुरता आता 2012 चा गोवा उत्तराधिकार कायदा लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची सर्व मालमत्ता दोघांची सामाईक असते. म्हणजे वडिलांच्या नावावर दिसणाऱ्या घराचा, भाटाचा, शेतीचा अर्धा भाग आईचा आहे आणि तो वारसाने आलेला नाही. तो पहिल्यापासून तिचाच आहे. उरलेला अर्धा भाग वडिलांचा, आणि तो मुलगे-मुली असा भेद न करता तिघा भावंडांत सारखा वाटला जातो. तुमचा वाटा एकूण मालमत्तेचा सहावा हिस्सा झाला. वडिलांनी मृत्युपत्र केले असते तरी त्यांना आपल्या भागाच्या निम्म्यापुरतेच मनासारखे देता आले असते. उरलेला निम्मा भाग कायद्यानेच मुलांसाठी राखून ठेवला आहे.

आता भावांचे म्हणणे. लाडली लक्ष्मीचे एक लाख रुपये सरकारने तुम्हाला गोव्याची मुलगी म्हणून दिले आहेत. ते वडिलांच्या मालमत्तेतून आलेले नाहीत, तेव्हा वाटणीच्या हिशेबात त्यांचा उल्लेखही येऊ शकत नाही. एक सरकारी मदत दाखवून दुसरा हक्क काढून घ्यायचा, हे मी फार ठिकाणी पाहते आणि त्याचा मला राग येतो. वजे हा माहेरच्या मायेचा भाग आहे. त्याची किंमत लावणे दोन्ही बाजूंना शोभत नाही. वडिलांनी हयातीत दिलेल्या मोठ्या देणग्या मात्र वाटणीच्या वेळी हिशेबात धरण्याची तरतूद कायद्यात आहे. पण ती सर्व भावंडांना लागू आहे. तुमचे सोने मोजायचे, तर भावांना मिळालेलेही मोजावे लागेल.

तुम्हाला ज्या कागदावर सही करायची आहे तो बहुधा वारसा सोडल्याचा लेख असेल. त्याविषयी चार गोष्टी नीट समजून घ्या. हा लेख या कामासाठी नेमलेल्या सरकारी नोटरीसमोरच व्हावा लागतो. गावात कोणी लिहून आणलेल्या साध्या स्टॅम्पपेपरला अर्थ नाही. वारसा सोडायचा तर पूर्ण सोडावा लागतो, त्यात अटी घालता येत नाहीत. ‘धाकट्यालाच दे’ असे म्हणता येत नाही. सामाईक मालमत्तेच्या नियमामुळे तुमच्या एकटीच्या सहीने भागत नाही, तुमच्या यजमानांचीही संमती लागते. आणि जिवंत माणसाचा वारसा आज सोडता येत नाही. आई आहे तोपर्यंत तिच्या अर्ध्या भागावरील तुमचा पुढचा हक्क कोणत्याही कागदाने जात नाही. ‘आईवडिलांच्या सर्व मालमत्तेवरील हक्क सोडला’ असे वाक्य त्या कागदात दिसले तर तिथेच थांबा. एकदा केलेली सही मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दडपण झाले असे म्हणायचे तर ते न्यायालयात सिद्ध करावे लागते, आणि सख्ख्या भावाविरुद्ध ते सिद्ध करायला किती बहिणी उभ्या राहतात हे तुम्हीच सांगा.

नोटरीच्या टेबलापाशी अनेक स्त्रिया सही करताना मी पाहिल्या आहेत. भाऊ कागद पुढे सरकवतो, पान उलटून बोट ठेवतो. ती ‘खंय करूं?’ (कुठे करू?) एवढेच विचारते. कागदात काय लिहिले आहे, हे विचारणारी मला क्वचितच भेटली.

मग करायचे काय? माझे मत विचाराल तर सही लगेच करू नका आणि नाहीही म्हणू नका. भावांना सांगा की आधी वारसदारांच्या नोंदीचा लेख होऊ दे, त्यात आईचे आणि आम्हा तिघांचे नाव येऊ दे. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर काय काय आहे ते मला पाहू दे. त्यानंतर तुमच्यापुढे वाटा खुल्या आहेत. आपसांत वाटणीचा लेख करता येतो. आपल्या वाट्याबद्दल भावांकडून रक्कम घेता येते. शेती किंवा भाट फोडायचे नसेल तर बहुधा हेच सर्वांच्या सोयीचे ठरते. घर भावांना ठेवून भाटाचा एक तुकडा आपल्याकडे घेता येतो. आपसांत जमले नाही तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरीची कारवाई आहे. तिथे मालमत्तेची यादी होते, मोल ठरते आणि वाटे पडतात. वेळ लागतो, पण ते भावावर केलेले फिर्याद-प्रकरण नव्हे, वाटणीची रीत आहे. हे घरी समजावून सांगा.

हे सर्व जाणून घेतल्यावरही भावांना द्यावेसे वाटले तर अवश्य द्या. धाकट्या भावाची परिस्थिती बेताची असेल, आईला तो सांभाळत असेल, तर अशा देण्याला मी कधीही नावे ठेवणार नाही. फक्त किती देत आहात ते आधी माहीत असावे. सहाव्या हिश्शाची आजच्या बाजारभावाने किंमत काढून पाहा आणि यजमानांसोबत बसून ठरवा.

तुमच्या आईकडेही एकदा एकटीने बसून बोला. त्यांनाही कदाचित असाच एक कागद दाखवला गेला असेल. तो कागद बक्षीसपत्राचा असेल, तर आपल्याला सांभाळले जाईल ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्यायला त्यांना सांगा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यानुसार ती अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून असा लेख रद्द करून घेता येतो, पण अट कागदातच नसेल तर हे फार कठीण जाते.

प्रश्न : मी म्हापशाच्या एका दुकानात काम करते. आम्ही सहा जणी आहोत. मालकाचे वागणे बरे नाही, अंगचटीला येतो. समिती असते असे ऐकले, पण आमच्या दुकानात कसली समिती? तक्रार त्याच्याकडेच करायची का? — नाव नको

उत्तर : त्याच्याकडे नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची असते. त्याहून लहान जागेसाठी, तसेच तक्रार मालकाविरुद्धच असेल तेव्हा, जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. घरकाम करणाऱ्या स्त्रियांनाही तीच आहे. तक्रार लेखी हवी आणि शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत हवी; सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांची मुदत देऊ शकते. स्वतः लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणे हे समितीचे काम आहे. चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची असते. चौकशी चालू असताना रजेची मागणी करता येते. तुमचे नाव, पत्ता, तक्रारीतला मजकूर कोणालाही प्रसिद्ध करता येत नाही.

आजपासून एका वहीत तारीख, वेळ, काय झाले आणि कोण हजर होते हे लिहून ठेवा, आणि वही दुकानात ठेवू नका. उरलेल्या पाच जणींपैकी कोणाला तसाच अनुभव असेल तर तिलाही वेगळी तक्रार द्यायला सांगा. तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही आपला फोन क्रमांक लिहिला होता. वर केप्याच्या गृहिणीच्या प्रश्नाखाली दिलेल्या 181 वर आधी बोला, तिथे तुमच्या जिल्ह्याच्या समितीपर्यंत कसे पोचायचे ते विचारा, आणि तरीही अडले तर या सदराला पुन्हा लिहा.