गावाशेजारची कोळसा खाण वाढणार आहे, जनसुनावणीची नोटीस लागलीय. विरोध करून उपयोग होतो का? गावकऱ्यांनी नेमकं काय करावं?

ताई, तुमचं माहेर वणीकडचं आणि मी कोल्हापूरचा. आमच्याकडं कोळसा न्हाई, बॉक्साईट आहे, पण सुनावणी सगळीकडं एकाच नियमानं होते. त्यामुळं आम्ही काय माती खाल्ली तेवढं सांगतो, तुम्ही खाऊ नका.

आमचं गाव राधानगरी तालुक्यात, सड्याच्या पायथ्याला. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्याचं सपाट पठार, पावसाळ्यात ते पाणी पितं आणि खालच्या झऱ्यांना उन्हाळाभर थोडं थोडं सोडतं, आणि बॉक्साईट नेमकं तिथंच असतंय. पहिल्या सुनावणीला आम्ही पक्क्या कोल्हापुरी पद्धतीनं गेलो. टोलचं आंदोलन ताजं होतं, एन. डी. पाटील सरांची भाषणं ऐकलेली पोरं, टोल घालवला तसं हे पण घालवू म्हणून मांडवात घोषणा दिल्या, माईक ओढून घेतला आणि अर्ध्या तासात सभात्याग करून वडापाव खायला. जिंकल्यागत वाटलं. मग माहिती अधिकारात इतिवृत्त मागवलं (दहा रुपयांचा अर्ज) तर त्यात आमच्या नावावर एकच ओळ, 'काही ग्रामस्थांनी घोषणाबाजी केली'. आणि आम्ही गेल्यावर चौघांनी रोजगार पाहिजे म्हणून सांगितलं ते मात्र नावानिशी, अर्धं पान. त्यातला एक माझा चुलतभाऊच, त्याचा ट्रक आहे, त्याला तरी काय बोलणार.

2006 च्या ईआयए (खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास) अधिसूचनेत सुनावणीला कोरम वगैरे काही लागत नाही. सगळं गाव उठून गेलं तरी सुनावणी 'झाली'. तिथं हात वर करून मोजत नाहीत, फक्त लिहून घेतात, आणि ते लिहिलेलंच पुढं मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीच्या टेबलावर जातं.

काही वर्षांनी खाण वाढवायची म्हणून परत नोटीस आली. नोटीस आणि सुनावणीच्या मध्ये निदान 30 दिवस द्यावे लागतात आणि त्या ईआयए अभ्यासाचा मसुदा अहवाल कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत इथं ठेवावा लागतो, ह्यावेळी आम्ही तो खरंच वाचला. सारांश मराठीत असतो पण मुख्य गठ्ठा इंग्लिश, बीएस्सीच्या पोरीनं देवळात बसून सांगितला. त्यात होतं की परिसरात बारमाही झरा नाही. माझी आत्ती मागं बसलेली, ती म्हणाली, "मग मी चाळीस वर्सं घागर कुठनं भरतोय?"

तिथनं सगळं बदललं. नशिबानं शिमगा नुकताच झाला होता आणि मधे निवडणूक येऊन सुनावणी पुढं गेली, त्यामुळं मे अखेरपर्यंत वेळ मिळाला. बायकांनी चार झऱ्यांवर दर रविवारी घागर भरायला किती वेळ लागतो तो मोबाईलवर लावून शाळेच्या वहीत लिहिला. पहिली तीन पानं वाया गेली कारण कुणी पितळेची आणली कुणी प्लास्टिकची, मग एकच घागर ठरवली. शिमग्यानंतर दोन मिनिटात भरणारी घागर मे अखेरीला नऊ मिनिटं घ्यायला लागली, पण झरा आटला नाही. सुनावणीत एकेक बाई उठली, नाव सांगितलं, झऱ्याचं नाव सांगितलं, अहवालाच्या अमुक पानावर हा झरा नाही म्हणाली आणि लेखी प्रत देऊन पोच घेतली. संध्याकाळी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवेपर्यंत कुणी हललं नाही. (ते वाचून दाखवणं नियमात आहे, आणि सगळ्याचं व्हिडिओ शूटिंगपण.) समितीनं पाण्याचा अभ्यास परत करायला सांगितला. खाण रद्द झाली असं म्हणणार नाही, फाईल अजून तिथंच आहे.

आता तुमचं. ओपनकास्टचा, म्हणजे वरनं उघडी खोदत नेलेल्या खाणीचा खड्डा विहिरींच्या तळापेक्षा खोल जातो आणि त्यातलं पाणी चोवीस तास उपसतात, मग आसपासचं पाणी तिकडं सरकतं. म्हणून आजच प्रत्येक विहिरीची पातळी लिहायला घ्या, ब्लास्टिंगनं भिंतीला तडे गेले असतील तर तारखेसकट फोटो काढा. आणि ज्यांची जमीन जात नाही त्यांना पुढं बसवा, हे मी मुद्दाम सांगतोय. कोल इंडियाच्या 2012 च्या धोरणात दोन एकराला एक नोकरी आहे, पण ज्याची नुसती विहीर आटली किंवा जो दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायचा त्याला कोण काय देतंय? गावात फूट पडते ती इथंच.

उपयोग होतो का विचारलंत. होतो, पण अर्धामुर्धा. तुमच्या शेजारी चंद्रपुरात 2009 ला लोहाऱ्याच्या कोळसा खाणीविरुद्ध पर्यावरण कार्यकर्ते बंडू धोतरे उपोषणाला बसले, खाण अडली. ओडिशात नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साईट खाणीला 2013 मध्ये बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. छत्तीसगडच्या हसदेव जंगलातले लोक 2021 ला 300 किलोमीटर चालत रायपूरला गेले, पुढच्या वर्षी 21 प्रस्तावित कोळसा ब्लॉक मागं घेतले गेले, तरी जुन्या खाणीसाठी झाडं पडतच राहिली. आणि तुम्हाला निदान सुनावणी तरी आहे, तेल-गॅसच्या शोधासाठी बोअर मारायचं असेल तर 2020 पासून तीही लागत नाही.

खाणीला पर्यावरण मंजुरी निघालीच तर हरित लवादात (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायपीठ) अपिलाला 30 दिवस असतात, आपलं खंडपीठ पुण्यात आहे. तेव्हा वकील बघाच, पण तो पहिल्यांदा तुमची वहीच मागणार.

विहीर मोजायला दोरीला फुटाफुटावर गाठी मारा, खाली दगड बांधा, आणि दर वेळी काठावरच्या त्याच खुणेपासून सोडा. मोटर सुरू व्हायच्या आधी, सकाळी.